फुप्फुसातल्या ठिपक्याला सुई लावायची का? लहान मुलांच्या किडनीच्या गाठीचं निदान, पायरीपायरीने

आमच्या लॅबच्या खिडकीतून नमुन्याच्या बाटलीबरोबर एक कागद आत येतो. त्यावर बरेचदा एवढंच असतं: 'लंग नोड्यूल, बायोप्सी, रूल आउट मॅलिग्नन्सी', म्हणजे फुप्फुसात ठिपका, तुकडा तपासा, कॅन्सर नाही ना ते बघा. मूल आठ महिन्यांचं आहे की बारा वर्षांचं, पोटात गाठ आहे का, केमो सुरू झाली का, घरात कुणाला टीबी होता का, यातलं काहीच नसतं. मग मी वॉर्डात फोन लावते, फोन एंगेज लागतो आणि तिकडे आई-बाबा कॉरिडॉरमध्ये रिपोर्टची वाट बघत बसलेले असतात.

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे मायक्रोस्कोपच्या या बाजूला बसणारी. पेशंटला आम्ही सहसा दिसत नाही. पण बायोप्सी कुठे यशस्वी होते आणि कुठे वाया जाते, हे इथून फार स्वच्छ दिसतं. लहान मुलांच्या किडनीच्या कॅन्सरमध्ये तर सुईआधी तिचा प्रश्न ठरायला हवा. प्रश्न नसलेली सुई नुसती टोचते, सांगत काहीच नाही.

हा लेख आई-बाबांसाठी आहे, आणि गावातल्या किंवा उपनगरातल्या त्या फॅमिली डॉक्टरांसाठीही, ज्यांच्याकडे मूल सगळ्यात आधी येतं.

आधी गाठीची ओळख

मुलांच्या किडनीत होणाऱ्या कॅन्सरच्या गाठींपैकी शंभरातल्या सुमारे नव्वद गाठी विल्म्स ट्यूमरच्या असतात. माक्स विल्म्स या जर्मन सर्जनने १८९९मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला, त्यावरून हे नाव पडलं. दुसरं नाव नेफ्रोब्लास्टोमा. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात, तीन-चार वर्षांची सर्वात जास्त. मूल खेळत असतं, जेवत असतं, फक्त पोट एका बाजूने फुगलेलं असतं. आंघोळ घालताना आईच्या हाताला गोळा लागतो. घरात कुणी म्हणतं पाणथरी (प्लीहा) वाढली, कुणी म्हणतं वाताचा गोळा, कुणी बेंबी सरकली म्हणून पोट चोळून देणाऱ्या बाईकडे घेऊन जातं.

हे चोळणं मात्र लगेच थांबवा. ही गाठ पातळ आवरणात असते आणि दाबाने फुटू शकते. फुटली की पेशी पोटात सांडतात आणि उपचार वाढतात. दवाखान्यातही एकाने तपासलं, मग शिकाऊ डॉक्टरांनी एकेक करून दाबून पाहिलं, असं होऊ देऊ नका. 'आता तपासलंय, पुन्हा दाबू नका' असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

निदानाच्या वेळीच शंभरातल्या दहा ते वीस मुलांमध्ये गाठ दुसरीकडे पोचलेली असते, आणि ते दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा फुप्फुस. किडनीच्या शिरेतून पेशी मोठ्या शिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला जातात आणि पुढची गाळणी फुप्फुसाचीच असते. फुप्फुसात दिसली की स्टेज ४. हा शब्द ऐकून घरातली माणसं खाली बसतात, ते मी पाहिलेलं आहे. पण मोठ्यांचा स्टेज ४ आणि या गाठीचा स्टेज ४ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार मिळाले, तर फुप्फुसात पसरूनही साधारण पाचातली चार मुलं बरी होतात. म्हणूनच निदान नेमकं हवं.

पहिली पायरी: सुईआधी चित्र

पहिली तपासणी सोनोग्राफी, डॉपलरसह, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतंय तेही बघत. गाठ किडनीतून निघाली आहे का, दुसरी किडनी कशी आहे, किडनीच्या शिरेत किंवा मोठ्या शिरेत गाठीचा गोळा सरकला आहे का, हे तिथे कळतं. मग पोटाचा सिटी स्कॅन किंवा एमआरआय, आणि छातीचा सिटी. फक्त छातीच्या एक्स-रेवर थांबू नये, बारीक ठिपके एक्स-रेवर दिसत नाहीत.

विल्म्सच्या गाठीभोवती किडनीचा उरलेला भाग खेकड्याच्या नांगीसारखा वळलेला दिसतो. रेडिऑलॉजिस्ट त्याला 'क्लॉ साइन' म्हणतात. शेजारच्या ॲड्रिनल ग्रंथीतून येणारा न्यूरोब्लास्टोमा वेगळा वागतो. तो किडनीला बाजूला ढकलतो, महाधमनीला विळखा घालतो आणि त्यात बरेचदा चुन्याचे कण असतात. दोघांची केमो वेगळी, म्हणून लघवीतली व्हीएमए ही तपासणी सुईआधीच पाठवावी; हा पदार्थ न्यूरोब्लास्टोमात बहुधा वाढलेला असतो. ती साध्या लघवीवर होते, टोचावं लागत नाही, आणि कधीकधी निम्मं कोडं तिथेच सुटतं.

छातीच्या सिटीबद्दल एक बारकावा. लहान मुलाला भूल देऊन सिटी काढला तर फुप्फुसाचा पाठीकडचा भाग दबतो, आणि दबलेला भाग ठिपक्यासारखा दिसू शकतो. म्हणून सिटी कसा काढला, भूल देऊन की जागेपणी, हे रिपोर्टवर असायला हवं. नसेल तर विचारा.

याच वेळी मुलाचा रक्तदाब मोजायला सांगा. या गाठीमुळे तो बऱ्याच मुलांमध्ये वाढलेला असतो, आणि लहान मुलांचा रक्तदाब मोजायचं आपल्याकडे सहज राहून जातं. डोळ्यातली बाहुलीभोवतालची रंगीत चकती जन्मतः नसणं किंवा शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणं, असं काही असेल तर तेही सांगा. त्याचा या गाठीशी संबंध असतो.

दुसरी पायरी: हे ठिपके कसले?

विल्म्सचे ठिपके बहुधा गोल, कडा स्वच्छ, एकापेक्षा जास्त आणि फुप्फुसाच्या बाहेरच्या बाजूला असतात. सध्याच्या युरोपीय नियमावलीत सिटीवर ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा ठिपका पसरलेल्या रोगात धरतात. त्याहून बारीक असेल तर मूल एकाच जागी गाठ असल्यासारखं उपचारात जातं.

पण आपण मुंबईत राहतो. इथे फुप्फुसातल्या ठिपक्याला पहिलं नाव टीबीचं मिळतं आणि त्यात नवल काहीच नाही. चाळीतली एक खोली, सहा माणसं, आजोबांचा जुना खोकला. टीबीमध्ये छातीच्या मध्यातल्या लसिका ग्रंथी सुजलेल्या असतात, ठिपके झाडाच्या कळ्यांसारखे फांदीला लागलेले दिसतात, कधी पोकळी असते. दोन्ही चुका मी पाहिल्या आहेत. एका मुलाला ठिपक्यांवरून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, पोटाची सोनोग्राफी कुणी केलीच नाही, आणि गाठ बाहेरून दिसायला लागेपर्यंत महिने गेले. दुसरीकडे किडनीतली गाठ विल्म्सचीच होती, पण छातीतला एकुलता ठिपका टीबीचा निघाला. तो तपासला नसता तर त्या मुलीला स्टेज ४चे उपचार मिळाले असते, आणि टीबी तसाच राहिला असता, केमोने उतरलेल्या प्रतिकारशक्तीत तर आणखी पेटला असता.

घरी कुणाला टीबी झाला होता का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही आपणहून सांगा. लपवू नका. टीबीच्या नावाने लाज वाटते, ठाऊक आहे, पण इथे ती लाज मुलाला महागात पडते.

तिसरी पायरी: सुईची गरज आहे का, असेल तर कुठे?

इथे जगातच दोन विचार आहेत, आणि गुगलवर वाचून आलेल्या बाबांचा गोंधळ यातूनच होतो.

अमेरिकेत शक्य असेल तर आधी ऑपरेशन करून किडनी गाठीसकट काढतात. तिकडच्या नियमांत आधी बायोप्सी केली तर पोटातला रोग आपोआप स्टेज ३ धरला जातो, म्हणून ते सुईला नाखूश. युरोपात आधी केमो देऊन गाठ लहान करतात, मग ऑपरेशन. वय आणि चित्र नमुनेदार असेल तर सुईशिवायच केमो सुरू होते. पाठीकडून केलेल्या बारीक सुईच्या बायोप्सीमुळे त्यांच्या पद्धतीत स्टेज वाढत नाही. पोट उघडून केलेल्या बायोप्सीने मात्र वाढतो. ब्रिटनने बराच काळ मधला रस्ता धरला होता: सुईने निदान आणि मग केमो. १९९१ ते २००१च्या त्यांच्या अभ्यासात, चित्रावरून विल्म्स वाटलेल्या गाठींपैकी साधारण १२ टक्के बायोप्सीत दुसऱ्याच निघाल्या. आपल्याकडेही अनेक डॉक्टर केमोआधी सुईने खात्री करून घेणं पसंत करतात.

तुमच्या मुलासाठी कुठली पद्धत चालली आहे, हे डॉक्टरांना विचारा. दोन्ही पद्धतींत मुलं बरी होतात. पण एका पद्धतीचा अर्धा भाग आणि दुसरीचा अर्धा, अशी भेळ नको.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सहसा सुई लावत नाहीत, आधी ऑपरेशन. गाठ पूर्णपणे पाण्याच्या पिशव्यांची असेल तर सुईने पाणी सांडण्याचा धोका, तिथेही नको. दोन्ही किडन्यांत गाठी असतील तर बहुधा सरळ केमो. उलट मूल सात वर्षांपेक्षा मोठं असेल, चित्र विचित्र असेल, ताप आणि लघवीचा जंतुसंसर्ग असेल, किंवा दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या फुप्फुसात ठिपके असतील, तर सुईचा विचार गंभीरपणे होतो. या शेवटच्या बाळांमध्ये रॅबडॉइड ट्यूमर ही आक्रमक गाठ असू शकते आणि तिची केमो वेगळी.

आता फुप्फुस. किडनीतलं निदान पक्कं असेल आणि फुप्फुसातलं चित्र नमुनेदार असेल, तर फुप्फुसात सुई घालायची गरज बहुतेक वेळा नसते. सहा आठवडे केमो द्यायची, व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन आणि डॉक्सोरुबिसिन, आणि पुन्हा सिटी काढायचा. ठिपके विरघळले तर त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, आणि बऱ्याच मुलांना फुप्फुसावर रेडिएशनही द्यावं लागत नाही.

मग फुप्फुसात सुई कधी? माझ्या अनुभवात चार परिस्थितींत. एकच ठिपका असून त्याच्यावर सगळी स्टेज अवलंबून असेल तेव्हा. टीबी किंवा बुरशीची खरी शंका असेल तेव्हा. केमोने किडनीतली गाठ आक्रसली पण ठिपके जसेच्या तसे राहिले, तेव्हा. आणि उपचार संपल्यावर नवा ठिपका उगवला तेव्हा. ही गाठ उलटली तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटते, आणि उलटण्याची आवडती जागा फुप्फुसच.

ही काटेकोर मोजदाद का, तर चूक दोन्ही बाजूंनी महाग आहे. नसलेला रोग धरला तर डॉक्सोरुबिसिनचा हृदयावरचा भार आणि वाढत्या फुप्फुसावर १२ ते १५ ग्रे (हे रेडिएशन मोजायचं एकक) रेडिएशन विनाकारण. असलेला रोग सोडला तर तो उलटतो.

डॉक्टरांना विचारायचं वाक्य असं: 'या सुईचं उत्तर असं आलं तर काय बदलणार आणि तसं आलं तर काय बदलणार?' काहीच बदलणार नसेल तर थांबून पुन्हा चर्चा करायला हवी. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

चौथी पायरी: कोणती सुई?

लोक सरसकट 'सुईची तपासणी' म्हणतात, पण प्रकार दोन. एफएनएसीची सुई रक्त काढायच्या सुईसारखी बारीक, २२ किंवा २३ गेजची. तिच्यातून सुट्या पेशी येतात आणि काचेवर पसरवतात. स्वस्त, झटपट, एका दिवसात उत्तर. ट्रूकट किंवा कोअर बायोप्सीची सुई १६ किंवा १८ गेजची, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जाड. तिच्यातून शेवयांसारखे बारीक तुकडे येतात.

विल्म्सच्या गाठीत तीन प्रकारच्या पेशी असतात: ब्लास्टेमा, म्हणजे निळ्या, गोल, घट्ट दाटलेल्या कच्च्या पेशी. नळ्या बनवू पाहणाऱ्या पेशी, गर्भातली किडनी जशी बनते तशा. आणि मधला आधार देणारा ऊतींचा भाग. तिन्ही दिसले तर काम सोपं. पण सुईच्या टोकावर अनेकदा फक्त निळ्या गोल पेशीच येतात, आणि तशा पेशी न्यूरोब्लास्टोमा, लिम्फोमा, इविंग सार्कोमा या दुसऱ्या कॅन्सरमध्येही असतात. अशा वेळी आयएचसी म्हणजे प्रतिपिंडांचे रंग लावून ओळख पटवावी लागते. हे रंग पेशींतली ठरावीक प्रथिनं दाखवतात. डब्ल्यूटी-१ आणि पॅक्स-८ बहुधा विल्म्सच्या बाजूने बोलतात. आयएनआय-१ पेशींतून गायब असेल तर रॅबडॉइड. या रंगांसाठी तुकडा लागतो, म्हणून शक्य असेल तिथे मी तुकड्याच्या बाजूने. एफएनएसी वाईट नाही. अनुभवी हातात आणि अनुभवी डोळ्यांखाली ती भरपूर सांगते, मूल खूप आजारी असेल तर तीच योग्य. फक्त त्याच वेळी काही थेंब सेल ब्लॉकसाठी, म्हणजे पेशी गोळा करून मेणात बसवण्यासाठी, ठेवले तर नंतर रंग लावता येतात.

पाचवी पायरी: तयारी

रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या पीटी-आयएनआर आणि एपीटीटी. एपीटीटी वाढलेला असेल तर तसाच पुढे जाऊ नये. विल्म्सच्या काही मुलांमध्ये गाठीमुळे व्हॉन विलब्रँड हा रक्त गोठवणारा घटक कमी होतो आणि रक्त थांबायला वेळ लागतो. मुलाच्या नाकातून वारंवार रक्त येतं का, खरचटलं तर बराच वेळ वाहतं का, हे सांगा. रक्तगट तपासून रक्ताची सोय आधीच केलेली असावी.

उपाशी ठेवण्याचं गणित: जेवण, दूध, बिस्किट सहा तास आधी बंद. अंगावरचं दूध चार तास आधी. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. भुलेचे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐका. मुंबईतली अडचण अशी की नऊची वेळ बाराला जाते. तीन वर्षांचं मूल भुकेने रडत असतं आणि आजी हळूच बिस्किट देते. मग सगळी प्रक्रिया रद्द. आजीला आदल्या रात्री नीट समजावून सांगा, आणि उशीर होणार असं दिसलं की सिस्टरना विचारा की पाणी अजून देता येईल का.

कमरेचा करगोटा, गळ्यातला ताईत, पायातले वाळे आदल्या दिवशी घरीच काढा. करगोट्याचा मणी नेमका किडनीच्या पातळीवर येतो आणि सिटीवर त्याच्या चांदण्या पडतात. ऐन वेळी सिस्टरने कात्रीने कापला की आईच्या मनाला लागतं. काढून देव्हाऱ्यात ठेवा, नंतर बांधा.

मुलाला खोटं सांगू नका. 'काही होणार नाही' म्हणून नेलं तर पुढच्या प्रत्येक सलाइनला ते मूल लढेल, आणि पुढे सलाइन खूप आहेत. 'डॉक्टर तुला झोपवतील, पाठीला पट्टी लावतील, उठशील तेव्हा मी तिथेच असेन' एवढं पुरे.

सहावी पायरी: सुईच्या खोलीत

किडनीसाठी मुलाला भूल देऊन पालथं किंवा कुशीवर झोपवतात. सोनोग्राफीवर बघत पाठीकडून सुई जाते, पोटाकडून नाही, म्हणजे पोटाच्या पोकळीत पेशी सांडत नाहीत. एक बाहेरची नळी आत बसवतात आणि तिच्यातूनच पुन्हा पुन्हा तुकडे घेतात, म्हणजे भोक एकच. स्प्रिंगचा 'टक' आवाज होतो. मधला सडलेला किंवा पातळ भाग टाळून कडेचा घट्ट भाग घ्यावा. मेलेल्या पेशींवरून मला काहीही सांगता येत नाही. तीन-चार चांगले तुकडे तरी हवेत.

फुप्फुसाचं काम जास्त नाजूक. ठिपका छातीच्या भिंतीला चिकटलेला असेल तर सोनोग्राफीवर जमतं, नाहीतर सिटी टेबलवर. सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून जाते, कारण खालच्या कडेखालून रक्तवाहिनी आणि नस धावते. वाट सगळ्यात जवळची, फुप्फुसाच्या दोन कप्प्यांमधली फट ओलांडू नये, आणि आवरणाला भोक एकदाच. भुलेचे डॉक्टर क्षणभर श्वास थांबवतात तेव्हा सुई पुढे जाते. हलत्या फुप्फुसातल्या बारीक ठिपक्यावर नेम धरणं म्हणजे धावत्या लोकलमधून फलाटावरच्या माणसाच्या शर्टाचं बटण टिपणं. सेंटिमीटरपेक्षा लहान किंवा खोल ठिपका असेल तर बहुधा दुर्बिणीने, म्हणजे छातीत छोटी भोकं पाडून, तो भागच काढून घेणं शहाणपणाचं. त्याआधी सिटीखाली तार किंवा रंग सोडून ठिपक्याची खूण करतात, नाहीतर सर्जनला आत तो सापडत नाही.

शक्य असेल तर पॅथॉलॉजीचा माणूस खोलीतच असावा. पहिल्या नमुन्याला झटपट रंग लावून पाच मिनिटांत 'पेशी आल्या' किंवा 'नाही, पुन्हा घ्या' सांगता येतं. मूल भुलेतून उठल्यावर 'नमुना अपुरा' असं कळणं हा सगळ्यांत क्रूर निरोप आहे.

'सुई लावली की पसरतो' याबद्दल सरळ बोलते. सुईच्या वाटेवर गाठ उगवल्याची उदाहरणं आहेत, पण ती फार थोडी. पाठीकडची वाट, एकच नळी आणि लगेच सुरू होणारी केमो यामुळे धोका आणखी घटतो. चोळून फुटण्याचा धोका त्यापेक्षा खूप मोठा, आणि त्याला कुणी घाबरत नाही.

सातवी पायरी: बाटली

ही पायरी कुठल्याही माहितीपत्रकात नसते, म्हणून मी इथे थोडी रेंगाळणार.

कॅन्सरच्या तपासणीचा तुकडा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये. टीबीच्या तपासणीचा तुकडा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये. दोन बाटल्या, दोन नावं, दोन फॉर्म. सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. सगळाच सलाइनमध्ये राहिला तर पेशी सडतात. एकदा एका ठिकाणाहून शनिवारी संध्याकाळी सलाइनमध्ये आलेला तुकडा सोमवारी माझ्या टेबलावर आला. त्यात फक्त निळसर लगदा होता. मूल पुन्हा भुलेखाली गेलं.

सुई होण्याआधी सिस्टरना एवढंच विचारा: 'टीबीसाठी वेगळी बाटली आहे का?' बाटली तुमच्या हातात देऊन दुसऱ्या लॅबला पाठवलं तर बाटलीवरचं नाव, वय, बाजू, तारीख स्वतः वाचा. झाकण घट्ट, वर प्लास्टिकची पिशवी. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं असेल आणि टॅक्सी अडकली तर फॉर्मेलिनची बाटली काही तास थांबू शकते, सलाइनची नाही. ती आधी पोचवा.

फॉर्मवर वय, सिटीमधला मुख्य निष्कर्ष, केमो दिली आहे का, टीबीचा संपर्क आणि प्रश्न काय आहे, या पाच गोष्टी असाव्यात. केमोनंतरची गाठ वेगळी दिसते. ते माहीत नसेल तर मीही चुकू शकते.

आठवी पायरी: नंतरचे चोवीस तास

किडनीच्या सुईनंतर मूल काही तास झोपून राहावं, नाडी आणि रक्तदाब वारंवार मोजले जावेत. लघवी एक-दोनदा लालसर होऊ शकते. पण मूल पांढरं पडलं, घाम आला, पोट फुगत चाललं, दुखणं वाढत गेलं, तर लगेच बोलवा. रक्तस्राव किंवा गाठ फुटणं असू शकतं. फुप्फुसाच्या सुईनंतर टोचलेली बाजू खाली ठेवून झोपवतात आणि काही तासांनी एक्स-रे काढतात, कारण आवरणात हवा साठू शकते. थोडी हवा आपोआप जिरते, जास्त असेल तर नळी घालावी लागते. धाप, छातीत टोचणं, थुंकीत रक्त, ओठ निळसर यांपैकी काहीही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. आणि त्याच संध्याकाळी डहाणू किंवा कर्जतला परत जायचा बेत करू नका.

नववी पायरी: रिपोर्ट वाचताना

तुकडा रात्रभर प्रक्रियेत राहतो, मग मेणात बसवतात, कापतात, रंगवतात. पहिलं मत दोन-तीन दिवसांत, रंग लावायचे असतील तर आणखी काही दिवस. 'अजून रिपोर्ट का नाही' याचं उत्तर बहुधा आयएचसी असतं, कुणाचा आळस नसतो. किमान नेहमी तरी नसतो.

फुप्फुसाच्या तुकड्यात किडनीच्या गाठीच्या पेशी दिसल्या तर प्रश्न मिटला. ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे पुंजके, आणि मध्ये चीजसारखा मेलेला भाग दिसला तर टीबीकडे बोट, आणि सलाइनमधल्या तुकड्यावरची जीन एक्सपर्ट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) आणि कल्चर ते पक्कं करतात. त्रास देणारा रिपोर्ट तिसरा: 'फक्त सामान्य फुप्फुस' किंवा 'सूज'. याचा अर्थ रोग नाही असा होत नाही. सुई ठिपक्याच्या शेजारून गेली असेल. हा रिपोर्ट सिटीच्या चित्राशी ताडून बघायलाच हवा, तिथेच पेढे वाटू नका.

दुसरी मर्यादा ॲनाप्लेसियाची, म्हणजे पेशींचं केंद्रक अवाढव्य आणि बेढब असण्याची. अशा गाठी शंभरात पाच-दहा, पण केमोला कमी दाद देणाऱ्या. ॲनाप्लेसिया गाठीच्या एखाद्याच कोपऱ्यात असू शकतो. सुईत दिसला तर आहे. दिसला नाही तर 'या तुकड्यात दिसला नाही' एवढंच. शेवटचं उत्तर ऑपरेशननंतर पूर्ण किडनी तपासल्यावर मिळतं.

मग सर्जन, बालकॅन्सरतज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात, तिला ट्यूमर बोर्ड म्हणतात. तुमच्या मुलाची केस तिथे गेली का, एवढं विचारा.

शेवटी, परळच्या वाटेवर

मुंबईत या मुलांची वाट बहुधा परळला येते. टाटा मेमोरियल, वाडिया आणि केईएम ही तिन्ही रुग्णालयं तिथे एकमेकांच्या हाकेवर आहेत. मध्य रेल्वेने परळ, पश्चिमेने प्रभादेवी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला बरोबर ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत गरजू रुग्णांसाठी राखीव खाटा असतात, तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. बाहेरगावचे असाल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि उपचार घेणाऱ्या मुलांसाठी असलेली सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. दोन्हीकडे रुग्णालयाचं पत्र लागतं, म्हणून समाजसेवकांना आधीच सांगून ठेवा. कॅन्सर रुग्णांसाठीच्या रेल्वे सवलतीचा फॉर्मही तिथेच भरून मिळतो.

बायोप्सी बाहेर झाली असेल तर मोठ्या रुग्णालयात नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. काचा, म्हणजे स्लाइड, आणि मेणाचे ब्लॉक मागतात. ते लॅबकडून सही करून घ्या, किती काचा आणि किती ब्लॉक दिले ते पावतीवर लिहून घ्या, नंबर ताडून बघा. ब्लॉक असेल तर पुन्हा सुई टोचल्याशिवाय नवे रंग लावता येतात. काचा रुमालात गुंडाळून आणू नका, चुरा होतो. लॅबमध्ये प्लास्टिकची खाचांची पेटी मिळते, ती मागा. आणि ब्लॉक मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ते मेण आहे.